आधी आंबट ठरवा, मग वाइन: टोस्टवरच्या माशांविषयी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. डिसेंबरात वडिलांची एकसष्टी आहे, डोंबिवलीच्या घरी वीसेक माणसं येणार. जेवणाआधी टोस्टवर मासे ठेवून दोन-तीन प्रकार करायचे आहेत आणि सोबत नाशिकची वाइन द्यायची आहे. घरचे सगळे मालवणी, तिखट खाणारे. मागच्या खेपेला तळलेल्या सुरमईचे तुकडे ब्रेडवर ठेवले, बरोबर रेड वाइन दिली. ब्रेड ओला होऊन हातात मोडला आणि दोन घोटांनंतर सगळ्यांना तोंडात लोखंड चाटल्यासारखी चव आली. यंदा काय करू, कुठली वाइन आणू?

मी मूळची वेंगुर्ल्याची. गेली अठरा वर्षं नाशिकला, गंगापूर धरणाच्या बाजूच्या द्राक्षमळ्यांतल्या स्वयंपाकघरांमध्ये काम करते. समुद्राकाठच्या आईच्या हाताखाली मासे शिकले आणि समुद्रापासून दूर आल्यावर वाइन. तुमच्या दोन्ही अडचणींतून मीही गेले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, तुमच्या तोंडातलं ते लोखंड खरंच लोखंड होतं. जपानमधल्या मर्शियन या वाइन कंपनीच्या संशोधकांनी २००९ साली हे शोधून काढलं. स्कॅलॉप हा शिंपल्यांतला प्रकार खाता खाता त्यांनी कितीतरी वाइन चाखून पाहिल्या. ज्या वाइनमध्ये लोहाचं प्रमाण लिटरला साधारण २ मिलिग्रॅमच्या वर होतं, तिथे तो वशट, धातूसारखा मागचा स्वाद जोरात आला. माशाच्या तेलावर लोहाची क्रिया होते आणि तोंडातल्या तोंडात शिळ्या माशाचा वास तयार होतो. तुमची सुरमई ताजीच असणार, दोष तिचा नव्हता. लोह बहुधा रेडमध्ये जास्त सापडतं, काही व्हाइटमध्येही असतं. बाटलीवर हा आकडा छापत नाहीत. म्हणून टोस्टवरच्या माशांसोबत व्हाइट, स्पार्कलिंग म्हणजे फसफसणारी, किंवा रोझे म्हणजे गुलाबी, एवढं धरून चाला. रेडचं काय करायचं ते पुढे सांगते.

आता मुख्य मुद्दा. लोक विचारतात, पापलेटबरोबर कुठली वाइन, कोळंबीबरोबर कुठली. मला हा प्रश्न उलट्या बाजूने सुटला. आपल्याकडे मासा कधी नुसता नसतो, त्याच्याबरोबर आंबट असतंच. आई बाजारातून मासा आणला की आधी विचार करायची तो आंबटाचा: बांगड्याला तिरफळ आणि कोकम, तिसऱ्या या शिंपल्यांना आमसूल, तळायच्या माशाला लिंबू किंवा आगळ म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, गोव्याकडची पाहुणी आली की व्हिनेगरचं बाल्चांव. वाइनही आंबटच असते. ताटातलं आंबट आणि ग्लासातलं आंबट यांचं जमलं की मासा मध्ये नीट बसतो. म्हणून मी आधी आंबट ठरवते, मग वाइन, आणि मासा बाजारात जो उत्तम मिळेल तो.

एक साधा नियम त्यात धरायचा. वाइन निदान पदार्थाइतकी तरी आंबट हवी. पदार्थ जास्त आंबट झाला की वाइन पाणचट लागते, द्राक्षाच्या रसात पाणी घातल्यासारखी. मीठ याच्या उलट काम करतं, वाइनचा आंबटपणा आणि कडवटपणा दोन्ही मऊ करतं. हे वाचून पटणार नाही, करून बघा. चार कोळंब्या नुसत्या पाण्यात उकडा. एक तशीच खा आणि वाइनचा घोट घ्या. दुसरीला मीठ लावा, तिसरीला मीठ आणि लिंबू, चौथीला नुसतं भरपूर लिंबू. चारही वेळा तीच वाइन चार वेगळ्या वाइन वाटेल. माझ्या हाताखाली नवीन येणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला मी पहिल्या दिवशी हेच करायला लावते, आणि त्यानंतर मला फारसं समजवावं लागत नाही.

लिंबाचं आंबट सरळ आणि टोकदार, त्याला सोविन्यो ब्लां लागते. ती कोरडी, म्हणजे गोडवा नसलेली, हिरवट वासाची असते, कोथिंबीर आणि हिरव्या मिरचीच्या जवळची. कोकमाचं आंबट गोलसर, जरा तुरट, मागे किंचित गोडवा असलेलं. त्याला शेनिन ब्लां, त्यातही थोडी गोडसर असते ती. चिंच आणि टोमॅटो रोझेकडे जातात. व्हिनेगर सगळ्यांत अवघड, कारण त्याचा वास नाकातच वाइनला मारतो. बाल्चांव मला प्राणप्रिय आहे, पण वाइनच्या पहिल्या कार्यक्रमात ते करू नका.

तिखटाबद्दलही स्पष्ट बोलते, कारण तुमच्या घरी तोच खरा प्रश्न आहे. मिरची तोंडात जिथे भाजल्याची जाणीव करून देते, अल्कोहोल तिथेच आग आणखी वाढवतं. फसफसणारे बुडबुडेही तेच करतात. म्हणजे झणझणीत मालवणी मसाला आणि साडेतेरा टक्क्यांची वाइन एकत्र आली की तोंडाला ना मसाल्याची चव कळते ना वाइनची, नुसती आग. म्हणून टोस्टवरच्या माशात तिखट निम्मं करा. लवंगी किंवा संकेश्वरी मिरचीऐवजी ब्याडगी वापरा, रंग आणि वास राहील, जाळ कमी होईल. ज्यांना झणझणीतच हवं त्यांच्यासाठी वाटीत लसणाचा ठेचा बाजूला ठेवा. थोडा गोडवा असलेली वाइन तिखट झेलते. तुमच्याकडे शेनिन ब्लां हवीच, असं मी म्हणते ते त्यासाठी.

नाशिकच्या वाइनची एक गोष्ट डिसेंबरात तुमच्या बाजूची आहे. युरोपात द्राक्षं सप्टेंबर-ऑक्टोबरला उतरतात. आपल्याकडे वेल थंडीने झोपत नाही, म्हणून त्याला दोनदा छाटतात: एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि पाऊस ओसरल्यावर गोडी छाटणी. त्यामुळे वाइनची द्राक्षं जानेवारी ते मार्चमध्ये तोडली जातात. दिवसा ऊन आणि रात्री गारवा असल्यामुळे द्राक्षात साखर भरते आणि आंबटपणाही टिकतो. म्हणजे डिसेंबरात दुकानातल्या व्हाइटच्या बाटलीवर याच वर्षाचा आकडा असेल तर ती जेमतेम नऊ-दहा महिन्यांची, ऐन ताजी आहे. माशांना अशीच हवी. गेल्या वर्षाची चालेल. तीन-चार वर्षांपूर्वीची स्वस्तात देतो म्हणाले तरी घेऊ नका, दुकानाच्या उकाड्यात ती सफरचंदाच्या शिळ्या फोडीसारखी झालेली असते. बाटली उन्हातल्या काचेच्या खिडकीत मांडलेली असेल तर मागची, सावलीतली मागून घ्या.

कुठली घेऊ, याचं उत्तर मी नावापेक्षा जातीवरून देईन. शेनिन ब्लां मूळची फ्रान्समधल्या ल्वार नदीच्या खोऱ्यातली, सोविन्यो ब्लांचंही फ्रान्सशीच नातं. नाशिकमध्ये या दोन्हींना जागा मिळवून दिली ती सुला वाइनयार्ड्सने. सुलाचे संस्थापक राजीव सामंत यांनी १९९७ मध्ये ही द्राक्षं लावली आणि २००० साली पहिल्या बाटल्या बाजारात आल्या. त्यांची शेनिन ब्लां थोडी गोडसर असते, तिखटाला तीच बरी. आता नाशिकच्या बऱ्याच वायनरी या दोन्ही वाइन करतात. लेबलवर ‘ड्राय’ (कोरडी) आहे की ‘ऑफ ड्राय’ (थोडी गोडसर), ते तेवढं वाचा: लिंबाच्या पदार्थाला ड्राय, कोकमाच्या आणि तिखटाच्या पदार्थाला ऑफ ड्राय. स्पार्कलिंगमध्ये ‘ब्रूट’, म्हणजे कोरडी, लिहिलेली घ्या. सुलाची मिळते, दिंडोरीला शांदोंची वायनरी आहे, तीही करते. तिन्ही प्रकार आणता येत नसतील तर एकच आणा, शेनिन ब्लां. ती कुठेच फार चुकत नाही.

समुद्राकाठची माणसं सगळीकडे इथेच पोहोचली आहेत. स्पेनच्या उत्तरेला सान सेबास्तियानमध्ये बारच्या फळीवर पावाच्या तुकड्यांवर खारवलेले अँकोव्ही मांडून ठेवतात आणि सोबत चाकोली नावाची चांगली आंबट, किंचित फसफसणारी व्हाइट देतात. व्हेनिसमध्ये सुकवलेला कॉड भिजवून, ऑलिव्ह तेलात लोण्यासारखा घोटून पावाच्या किंवा पोलेंटाच्या (मक्याचं पीठ शिजवून थापलेल्या वडीच्या) तुकड्यावर लावतात, बरोबर छोट्या ग्लासात वाइन. दोन्हीकडे मासा खारवलेला नाहीतर सुकवलेला, वाइन तरुण आणि आंबट. आपल्याकडे खारा, सुका मासा आहेच, कडक पावही आहे. बाहेरून काही आणायची गरज नाही.

आता पावाकडे येते, कारण निम्मे कार्यक्रम तिथेच बिघडतात. सुरुवातीच्या वर्षांत एका किनाऱ्यावरच्या हॉटेलात ऐंशी माणसांसाठी मी कोळंबीचे टोस्ट केले. पाहुणे येण्याआधी तास-सव्वा तास सगळं ताटांत मांडून ठेवलं, कारण हॉटेलच्या लोकांना मांडणी आधी बघायची होती. पाहुणे आले तेव्हा पहिलाच तुकडा एका बाईंच्या साडीवर पडला. त्या रात्री मला झोप लागली नाही. पाव ओला होतो तो तीन बाजूंनी: त्याच्या स्वतःच्या पोटातली वाफ, वरच्या पदार्थाचं पाणी आणि हवेतला दमटपणा. तिन्हींची वेगवेगळी व्यवस्था लावावी लागते.

टोस्टरमध्ये स्लाइस ब्रेड वरून लाल होतो, आत वाफ तशीच कोंडून राहते. पाचेक मिनिटांत ती वाफ बाहेर येते आणि टोस्ट वातड होतो. म्हणून टोस्टर नको आणि स्लाइस ब्रेडही नको. इराण्याकडचा ब्रुन पाव आणा. डोंबिवलीत नाही मिळाला तर बेकरीतला कडक पाव चालेल, गोव्याहून कोणी येणार असेल तर उंडे मागवा. आदल्या दिवशी आणा, शिळा पाव चांगला कापला जातो. करवती सुरीने सेंटिमीटरभर जाडीच्या चकत्या काढा. एका ब्रुनच्या पाचेक निघतात. ओव्हन १५० अंशांवर ठेवून जाळीवर बारा-पंधरा मिनिटं, मध्ये एकदा उलटून. रंग फार येऊ द्यायचा नाही, बदामी पुरे. एक चकती गार करून मोडून बघा. कट् असा आवाज होऊन मध्यापर्यंत कोरडी मोडली पाहिजे. वाकली तर आणखी चार मिनिटं. ओव्हन नसेल तर जाड तव्यावर अगदी मंद आचेवर, न दाबता. वेळ लागतो, पण जमतं. पूर्ण गार झाल्यावरच स्टीलच्या घट्ट डब्यात भरा. कोमट भरल्या तर डब्यातच घाम धरतात. सकाळी केलेल्या चकत्या रात्रीपर्यंत उत्तम राहतात.

वाढायच्या आधी चकतीवर वरून लोण्याचा किंवा तुपाचा पातळ हात फिरवा. हा चवीसाठी नाही, पाणी अडवण्यासाठी आहे. शेतकरी शेततळ्यात कागद अंथरतो तसा.

तुमच्यासाठी मी तीन प्रकार निवडलेत. प्रत्येकाचं आंबट वेगळं, म्हणून वाइनही वेगळी.

पहिला जवळ्याचं लोणी. हा माझा सगळ्यांत आवडता आहे आणि सगळ्यांत सोपा. साठ ग्रॅम सुका जवळा, म्हणजे कोळंबीसारखीच पण अगदी बारीक सुकवलेली मासळी, चाळून, वाळू-कचरा निवडून घ्या. कोरड्या तव्यावर मंद आचेवर भाजा, बोटात चुरला गेला पाहिजे. दोन पाकळ्या लसूण आणि चमचाभर ब्याडगीची पूड घालून मिक्सरमधून भरडसर फिरवा, पीठ करू नका. पाव किलो बिनमिठाचं लोणी खोलीतच मऊ होऊ द्या, त्यात हे आणि एका लिंबाची किसलेली साल मिसळा. मीठ घालू नका, जवळ्यात आहे. गार चकतीवर जाडसर लावा, वर मुळ्याची कागदासारखी पातळ चकती. डिसेंबरात मुळा रसाळ असतो. मुळ्याचा तो हलका झणका आणि जवळ्याचा खारेपणा एकत्र आला की मला वेंगुर्ल्याचं अंगण आठवतं, चटईवर वाळत घातलेला जवळा आणि हातात काठी घेऊन कावळ्यांपासून राखण करणारी आजी. याला ब्रूट स्पार्कलिंग. लोण्याची चिकटाई बुडबुडे धुऊन काढतात, मीठ वाइनचा आंबटपणा मऊ करतं, आणि यात तिखट जवळजवळ नाही, म्हणून बुडबुड्यांनी आग होत नाही. जवळा भाजताना घरभर वास सुटतो. खिडक्या उघडा आणि हे काम आदल्या दिवशी उरका.

दुसरा बांगडा आणि तिरफळ. नऊ-दहा मध्यम बांगडे लागतील. बांगड्याबाबत एक काळजी घ्या: तो बाजारातून बर्फातच घरी यायला हवा आणि शिजेपर्यंत थंडच राहायला हवा. तेलकट गडद मांसाचे मासे उबेत राहिले तर त्यांत हिस्टामिन तयार होतं. ते नंतर कितीही तळलं-भाजलं तरी जात नाही, आणि खाणाऱ्याचं अंग लाल होऊन खाज सुटते, डोकं दुखतं. डोळा चकचकीत, कल्ला लाल, बोटाने दाबल्यावर मांस वर येणारं, असाच घ्या. हिवाळ्यात मिळायला अडचण नाही.

बांगड्यांना मीठ, हळद लावून अर्धा तास ठेवा. टिपून घ्या आणि तव्यावर थोड्या खोबरेल तेलात खरपूस भाजा. गार झाल्यावर मांस सुटं करा आणि काटे काढा. हे काम घाईचं नाही. पाहुण्यांना वाइनच्या गप्पांत काट्याकडे लक्ष देता येत नाही, म्हणून दोन जणांनी बसून, एकदा एकाने आणि एकदा दुसऱ्याने, बोटांनी चाचपून बघा. सात-आठ तिरफळं घ्या, आतली काळी बी टाकून द्या, ती कडू असते. सालं हलकी गरम करून मिठाबरोबर बारीक कुटा. एक कांदा अगदी बारीक चिरून मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं, मग घट्ट पिळून. कोथिंबीर, बिया काढलेली एक हिरवी मिरची, दोन चमचे खोबरेल, आणि लिंबाचा रस. रस मात्र वाढायच्या पाच मिनिटं आधी, नाहीतर सगळ्याला पाणी सुटतं.

याला सोविन्यो ब्लां. तिरफळ हे चिनी सिचुआन मिरीच्याच कुळातलं. त्याला संत्र्याच्या सालीचा वास आहे आणि जिभेला झिणझिण्या आणायचा गुण. त्या झिणझिण्या उतरत असताना गार सोविन्यो ब्लांचा घोट घेतला की तिचा हिरवा लिंबट वास दुप्पट मोठा वाटतो. बांगडा तेलकट आणि उग्र म्हणून वाइनसोबत नकोच, असं सांगणारे मला खूप भेटले. त्यांना मी हा तुकडा देते. नाशिकच्या सोविन्यो ब्लांला याहून चांगला जोडीदार मला अजून सापडलेला नाही.

तिसरा कोळंबी आणि आगळ. सव्वा किलो सालासकट कोळंबी आणा, सोलून सहाशे ग्रॅमच्या आसपास राहील. मधला काळा दोरा काढा. हळद आणि अगदी थोडं मीठ लावून दहा मिनिटं, मग स्वच्छ पंच्यात गुंडाळून कोरडी करा. ओली कोळंबी परतली जात नाही, उकडली जाते. पसरट तवा चांगला तापवून तीन हप्त्यांत टाका, एका बाजूने मिनिट, दुसऱ्या बाजूने मिनिटाहून कमी. अर्ध्या गोलाईत वळली की काढा. पूर्ण गोल वेटोळं झालं म्हणजे चिवट झाली. ताटलीत तिला पाणी सुटेल, ते फेकू नका. त्याच तव्यात साठ ग्रॅम लोणी, दहा-बारा पाकळ्या बारीक चिरलेला लसूण, चमचाभर ब्याडगी, मग ते सुटलेलं पाणी आणि दोन मोठे चमचे आगळ. चिमूटभर गूळ. आटू द्या, डाव फिरवल्यावर मागे वाट राहिली पाहिजे, काकवीसारखं. गॅस बंद करून मग कोळंबी घोळवा. आगळात मीठ असतं, म्हणून आधी चाखा. कोळंबीचं पाणी आटवून पुन्हा तिलाच लावल्यामुळे टोस्ट भिजत नाही आणि चवही वाया जात नाही. माझ्या त्या ऐंशी माणसांच्या रात्री मी नेमकं हेच केलं नव्हतं, पातळ रस्सा तसाच ओतला होता.

याला गोडसर शेनिन ब्लां. आगळाचं गडद आंबट, लसूण, थोडं तिखट, सगळं ती सांभाळून घेते. बाटलीत पेरू-अननसाचा जो वास येतो तो इथे फार शोभतो.

बोंबील घालू का, असंही तुमच्या मनात येईल. कुरकुरीत तळलेला बोंबील ब्रूटबरोबर अप्रतिम लागतो, पण तो तव्यातून काढल्यावर तीन मिनिटांत खायचा पदार्थ आहे. वीस माणसांत तुम्ही सगळी संध्याकाळ गॅसपाशीच राहाल. वडिलांची एकसष्टी आहे, तुम्ही त्यांच्याशेजारी असायला हव्यात. चिंबोरीही तशीच: किलोभरातून पाव किलोच्या आसपास मांस निघतं, ते काढण्यात दुपार जाते. चार माणसं असतील तेव्हा करा.

रेड पिणारे एक-दोन काका-मामा असतातच. त्यांना नाही म्हणू नका. रेड जेवणाच्या वेळी काढा, ताटात मटण किंवा कोंबडी असेल तेव्हा. सुरुवातीला त्यांच्या हातात गार रोझे द्या. रंग असल्यामुळे त्यांना पटते, आणि माशाशी भांडत नाही. सोलकढीही वाइनबरोबर नको. नारळाचं दूध आणि कच्चा लसूण जिभेवर थर धरतात, मग वाइन कळत नाही. ती भाताच्या वेळेला. जे पीत नाहीत त्यांच्यासाठी याच टोस्टांबरोबर कोकमाचं सरबत सोड्यात, साखर कमी घालून. आणि कोणाला कोळंबी-शिंपल्यांची अ‍ॅलर्जी आहे का, हे आधी फोनवर विचारा. जवळाही त्याच जातीचा आहे, लोण्यात तो दिसत नाही.

हिशेब सांगते. प्रत्येक प्रकाराचे माणशी दोन तुकडे, म्हणजे एकशेवीस तुकडे, पंचवीस ब्रुन. वाइन माणशी दोन ग्लास धरली, एका ७५० मिलिलिटरच्या बाटलीतून १२५ मिलिलिटरचे सहा ग्लास निघतात, तर सात बाटल्या लागतील. दोन ब्रूट, दोन सोविन्यो ब्लां, तीन शेनिन. वाढायचा क्रमही हाच ठेवा. गोडसर वाइन आधी प्यायल्यावर कोरडी वाइन जिभेला नुसती आंबट लागते.

थंड किती करायची, यावर बरेच जण चुकतात. स्पार्कलिंग ६ ते ८ अंश, बाकी व्हाइट ८ ते १०. घरच्या फ्रिजमध्ये चार-पाच तास ठेवलेली बाटली बरोबर असते. फ्रीझरमध्ये विसरली तर वास बंद होतो आणि स्पार्कलिंगची बाटली फुटू शकते. ऐन वेळी गडबड झाली तर बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ, त्यात बाटली मानेपर्यंत वीस मिनिटं. नुसत्या बर्फाने होत नाही, पाणी लागतं. ग्लास तिसऱ्या हिश्शापर्यंतच भरा, उरलेली जागा वासाला.

वेळेचं असं बसवा. आदल्या दिवशी जवळ्याचं लोणी करून झाकून फ्रिजमध्ये. सकाळी टोस्ट. दुपारी मासे साफ करून बर्फावर. सहा वाजता बांगडा भाजून, काटे काढून पुन्हा फ्रिजमध्ये. लोणी बाहेर काढा. सात वाजता पहिली बाटली उघडा आणि जवळ्याचे टोस्ट लावा, हे अर्धा तासही टिकतात. बांगड्याचे वाढायच्या आधी पाच मिनिटं. कोळंबी मात्र शेवटी गरमच, एका वेळी वीस तुकडे, दोन फेऱ्यांत. घरातल्या कोणा भाच्या-पुतणीला टोस्टवर मांडायला बसवा, तुम्ही फक्त तव्याकडे बघा.

शेनिनच्या उघडलेल्या बाटलीत थोडी उरली तर बूच लावून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी तिसऱ्या आणा. मिठाच्या पाण्यात दोन तास भिजवून वाळू काढा. उघड्या असलेल्या, टिचकी मारूनही न मिटणाऱ्या आधीच काढून टाका. खोबरेलात लसूण आणि एक सुकी मिरची, त्यावर तिसऱ्या, त्यावर वाटीभर वाइन, आणि घट्ट झाकण. चार-पाच मिनिटांत शिंपले उघडतात. न उघडलेले टाकून द्या. डब्यात ब्रुनच्या चार-पाच चकत्या उरलेल्या असतीलच, त्या त्या रसात बुडवा. हे वडिलांसाठी, पाहुणे गेल्यानंतर, घरच्या घरी.